एफपीएलएलएल: गणित चोख, पण अर्धवट काम जपत नाही

गेल्या पावसाळ्यापासून लॅटिस रिडक्शनचे, म्हणजे लॅटिसचा (बिंदूंच्या नियमित जाळीचा) बेसिस (ती जाळी घडवणारे सदिश) शक्य तितका आखूड करण्याचे, माझे बहुतेक काम एफपीएलएलएल या प्रोग्रामवर चालू आहे. एलएलएल या मूळ पद्धतीपुरते बोलायचे तर बोट ठेवायला जागा नाही: 1982 च्या लेन्स्ट्रा, लेन्स्ट्रा आणि लोवास यांच्या अल्गोरिदमची फ्लोटिंग पॉइंटवर चालणारी ही अंमलबजावणी डबलची (संगणकातल्या नेहमीच्या अपूर्णांकी संख्याप्रकाराची) अचूकता कमी पडली की स्वतःच वरच्या अचूकतेकडे वळते, आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

माझे भांडण आहे ते बीकेझेडच्या, म्हणजे बेसिसवर ब्लॉकाब्लॉकाने काम करून एलएलएलहून चांगला निकाल देणाऱ्या पद्धतीच्या, आज्ञेशी. सुधारलेला बेसिस ती सगळे काम संपल्यावरच बाहेर देते. पुण्याच्या कोथरूडमध्ये वळवाचा पाऊस आला की वीज जाते, यूपीएस थोड्याच वेळात मान टाकतो, आणि माझ्याच मीटरवर रात्रभर चाललेले ब्लॉक 60 चे (एका वेळी 60 सदिश घेणारे) काम शून्यावर येते. ग्राम-श्मिट लांबींची (बेसिसचे सदिश एकमेकांशी काटकोनात आणल्यावरच्या लांबींची) नोंद फाइलीत उतरवण्याची सोय आहे. पण तिच्यावरून बेसिस किती सुधारला होता एवढेच कळते, बेसिस परत मिळत नाही. गेलेल्या रकमेची नुसती पावती हातात राहावी, तसे हे आहे.

ब्लॉक 40 च्या पुढे जायचे असेल, तर प्रूनिंगच्या (शोधातल्या कमी आशेच्या फांद्या छाटण्याच्या) स्ट्रॅटेजींची फाइल आज्ञेत आठवणीने द्यावी. ती दिली नाही, तर प्रोग्राम कुरकुर न करता प्रूनिंगशिवाय एन्युमरेशन (ब्लॉकमधल्या सर्वांत आखूड सदिशाचा एकेक शक्यता तपासत शोध) करत बसतो, आणि व्हर्बोज (प्रगती छापून दाखवणारा) पर्याय मागितलेला नसेल, तर काम चालू आहे की अडकले आहे, हे केवळ पंख्याच्या आवाजावरून ताडावे लागते.

इथवरचा मजकूर वीज गेल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिला होता. त्यातला राग आता बराच निवळला आहे. एफपायएलएलएल या पायथन जोडणीतून बीकेझेडची एकेक टूर (सगळ्या ब्लॉकांवरून एक फेरी) स्वतंत्रपणे चालवता येते. टूर संपताना हाती असलेला बेसिस त्याच लॅटिसचा असतो, त्यामुळे तो फाइलीत लिहून ठेवला, की पुढची टूर तिथूनच उचलता येते. ब्लॉकचा आकारही 20, 30, 40 असा चढवत नेता येतो आणि आधीच्या स्वस्त टूरमुळे पुढच्या महाग टूरचा वेळ वाचतो. हा छोटासा कोड बसवल्यावर तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, मोठ्या यूपीएसची जी चौकशी चालवली होती, ती मी थांबवली. तरीही एवढी सोय मूळ आज्ञेतच का नसावी, हे मला पटलेले नाही.

2023 मध्ये किगन रायन आणि नादिया हेनिंजर यांनी आणलेला फ्लॅटर हा प्रोग्राम मोठ्या मितींच्या एलएलएलसाठी नक्कीच वेगवान आहे, आणि मॅट्रिक्सची मांडणी तीच असल्याने फाइल बदलावी लागत नाही. पण तो एलएलएलच्या दर्जापर्यंतच नेतो. रूट-हर्माइट फॅक्टर (बेसिसच्या दर्जाचे माप, 1 च्या जितके जवळ तितके चांगले) प्रत्यक्षात एलएलएलला सुमारे 1.0219, तर बीकेझेड-20 ला सुमारे 1.0128 मिळतो, एलडब्ल्यूईवर (लर्निंग विथ एरर्स, लॅटिसवर आधारलेल्या क्रिप्टोग्राफीतला कठीण प्रश्न) प्रयोग करणाऱ्याला हा फरक सोडून देणे परवडत नाही. जी6के हा आणखी एक प्रोग्राम सीव्हिंगच्या (असंख्य सदिश साठवून त्यांतून आखूड सदिश गाळण्याच्या) जोरावर आणखी पुढे जातो, मात्र त्याला लागणारी मेमरी मितीबरोबर घातांकी वेगाने वाढते. एन्युमरेशनला ती भूक नाही, म्हणून माझ्या जुन्या संगणकावर एफपीएलएलएलच राहील आणि नव्या मेमरीचा खर्च तूर्त टळला आहे.