माशांच्या टाकीचं अमोनिया किट, भाताच्या खाचरात

क्रॉफर्ड मार्केटमध्ये पक्षी-मासे विकणाऱ्यांची जी दुकानं आहेत, त्यांतल्या एकातून हे अमोनिया टेस्ट किट घेतलं. थेंब टाकायच्या दोन बाटल्या, काचेची नळी आणि रंगांचं कार्ड. पिवळा म्हणजे शून्य, गडद हिरवा म्हणजे ८ पीपीएम (दहा लाखात आठ भाग). दुकानदाराने विचारलं, टाकी केवढी आहे? म्हटलं, सव्वा एकर.

टाकी म्हणजे कर्जतजवळचं माझ्या माहेरचं खाचर. दादा लावणीनंतर युरिया फेकतो, वरून पाऊस कोसळतो, पाणी बांधावरून ओसंडतं. खत वाहून जातंय असं मी म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं: "आपली जमीन चिकण आहे गं, खत धरून ठेवते." मी राहते मुलुंडला, नोकरी सगळी कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये झाली. वाद घालण्यापेक्षा नळी भरून बघणं मला सोपं.

दादाचं अर्धं बरोबर आहे. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो, युरियापासून बनणाऱ्या अमोनियमवर धन, म्हणून ते चिकटतं. आमच्याकडची बेसॉल्टची काळसर माती तर रत्नागिरीच्या जांभ्याच्या मातीपेक्षा बरंच जास्त धरते. पण युरियावर भारच नसतो, तो कशाला चिकटेल? तो पाण्यात विरघळून राहतो, आणि त्याचं अमोनियम व्हायला काही दिवस जातात. तेवढ्यात मोठी सर आली की खत ओढ्यात आणि पुढे उल्हास नदीत. शिवाय चिखलणी केलेल्या चिकण जमिनीत पाणी मुरत नाही. म्हणून तर तिथे भात होतो, आणि म्हणूनच जास्तीचं पाणी बांधावरूनच वाट काढतं. युरियाच्या दाण्यांवरचा कडुनिंबाचा लेप इथे फारसा उपयोगाचा नाही. त्याने अमोनियमचं नायट्रेट होणं मंदावतं, युरियाचं विरघळणं थांबत नाही.

आता किटची खोट. त्याला अमोनिया आणि अमोनियम दिसतं, युरिया दिसत नाही. खत फेकल्याच्या संध्याकाळी नळी जवळपास पिवळी होती, दोन दिवसांनी तेच पाणी चांगलं हिरवं झालं. पहिल्या दिवशीच्या पिवळ्यावर विसंबून कुणी बांध फोडला तर नुकसान त्याचंच. दुसरं, गढूळ पाण्यात रंगच कळत नाही. फिल्टर पेपरमधून गाळावं लागतं, आणि मग गाळाच्या कणांना चिकटलेलं अमोनियम मोजणीतून निसटतं. चिखलणीनंतर लगेच जे चहाच्या रंगाचं पाणी वाहतं, त्यातलं नुकसान हे किट कमीच दाखवणार.

वरच्या अंगाला आमचा एक हलका, रेताड तुकडा आहे. तिथला आकडा भराभर खाली आला आणि दादा खूश झाला. पण तिथे पाणी खाली झिरपतं आणि नत्रही सोबत नेतं, त्यातलं नायट्रेट तर या किटच्या हिशेबातच नाही. हलक्या जमिनीसाठी यावर पैसे घालू नका. तो पिवळा रंग फसवा आहे.

खरी किंमत वसूल झाली ती ब्रिकेटच्या, म्हणजे दाबून केलेल्या खताच्या गोळ्यांच्या वाफ्यात. भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीप्रमाणे चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मध्ये २.७ ग्रॅमची युरिया आणि डीएपी खताची गोळी, ७ ते १० सेंमी खोल खोचलेली. तिथलं पाणी जेमतेम पोपटी झालं. अमोनियम चिखलाच्या पोटातच तयार होतं, मग चिकणमाती ते धरते. दादाचं म्हणणं इथे पूर्ण खरं ठरतं. गोळ्या खोचणाऱ्या बायकांच्या कमरेचा विचार मात्र कुठल्याच माहितीपत्रकात दिसत नाही.

नमुना सकाळी घ्या. दुपारी शेवाळामुळे पाण्याचा सामू (पीएच) चढतो, बराच अमोनिया हवेत उडून जातो, आणि मग आकडा वेगळा येतो. मी बाटल्या बर्फात घालून कर्जत लोकलने घरी आणते आणि गॅलरीत तपासते. लेडीज डब्यात त्यावर चौकशी होते, तेवढी तयारी ठेवा. थेंबांचं द्रावण त्वचेला चावतं, हातमोजे घाला. सूचनांची अक्षरं मुंगीएवढी आहेत.

किट चिकण खाचरवाल्यांनी जरूर घ्यावं, पण पाणी सोडायचं की अडवायचं एवढं ठरवण्यापुरतंच. आणि घेताना मुदतीची तारीख वाचा. मला आधी दिलेला डबा मुदत उलटलेला होता. दाखवल्यावर कुरकुर न करता बदलून मिळाला.