कॉलर आयडी अ‍ॅप : काही महिने वापरलं, आता काढून टाकलंय

नको असलेल्या फोननी जीव नकोसा केला होता, म्हणून फोन करणाऱ्याचं नाव दाखवणारं हे अ‍ॅप घेतलं. त्या कामात ते चोख आहे, हे आधीच सांगते. कर्जवाले, विमावाले, बक्षीस लागल्याचं सांगणारे, यांचा फोन वाजला की स्क्रीन लाल होते आणि उचलावाच लागत नाही. जाहिराती वैताग आणतात, पण तेवढं चालवून घेता येतं.

खटकलं ते वेगळंच. पार्सल द्यायला आलेल्या मुलाने खालून फोन केला आणि स्क्रीनवर आलं, ‘भाडेकरू मागची खोली’. नंतर कामानिमित्त एका बाईंचा फोन आला, तर त्यांच्या नावापुढे ‘डिप्रेशन ग्रुप’. त्या गटातल्या कुणीतरी लक्षात राहावं म्हणून नंबर तसा सेव्ह केला असणार. बाईंनी स्वतः मला जे कधी सांगितलं नसतं, ते त्या ‘हॅलो’ म्हणायच्या आत मला कळलं होतं. मला फार वाईट वाटलं.

ही नावं मोबाइल नेटवर्कवरून आलेली नसतात. नाव येतं अ‍ॅपच्या साठ्यातून, आणि तो भरतो वापरणाऱ्यांच्या फोनबुकमधून. आपण ‘परवानगी द्या’वर बोट ठेवतो तेव्हा आपल्या यादीतल्या डॉक्टर, वकील, नातेवाईक, कुणालाच कुणी विचारलेलं नसतं. ज्यांनी हे अ‍ॅप कधी पाहिलंही नाही, त्यांची नावंही त्यात जातात.

फोन करणाऱ्याची ओळख दाखवावी का, हे भांडण जुनंच आहे. १९९२ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने कॉलर आयडीची सेवा तिथल्या फोन टॅपिंगविरोधी कायद्याच्या विरुद्ध ठरवली होती. तेव्हा वाद नुसत्या नंबरावरून होता! मारहाणीतून सुटून आश्रयाला गेलेल्या बाईने घरी फोन केला तर तिचा ठावठिकाणा उघड होईल, ही त्या काळातली मोठी भीती. ती आजही तितकीच खरी आहे. जीएसएम पद्धतीच्या मोबाइलवर नंबराआधी #३१# लावलं की तेवढ्या कॉलपुरता आपला नंबर लपतो, अर्थात नेटवर्कने ती सोय दिली असेल तर. आपत्कालीन सेवांना तो तरीही दिसू शकतो, आणि दिसायलाच हवा.

आणि दाखवलेल्या नावावर भरवसा तरी किती ठेवायचा? कॉल करणारा नंबरच खोटा दाखवू शकतो. मग अ‍ॅप त्या खोट्या नंबरापुढे खऱ्या मालकाचं नाव इमानेइतबारे लावतं, आणि फसवणाऱ्याचं काम सोपं होतं.

काढताना एक लक्षात ठेवा. नुसतं अनइन्स्टॉल करून खातं जात नाही. आधी सेटिंगमध्ये जाऊन खातं बंद करा, मग त्यांच्या वेबसाइटवर आपला नंबर यादीतून काढायची विनंती टाका. खातं चालू असताना ती विनंती घेतच नाहीत, म्हणजे सेवा वापरायची तर यादीत राहायलाच हवं. माझ्यासाठी निर्णय तिथेच झाला. सध्या फोनमधलंच ब्लॉक वापरते. नको ते फोन थोडे वाढलेत.