केटोकोनॅझोल शाम्पू की स्टेरॉइड लोशन?

सेबोऱ्हिक डर्मटायटिसची, म्हणजे टाळूला दाह होऊन कोंडा सुटणाऱ्या त्रासाची, खाज ज्यांनी वर्षानुवर्षं सोसली आहे, त्यांना आधी आराम हवा असतो. तो स्टेरॉइड लोशन लवकर देतं, कारण ते थेट दाह शमवतं. पण या त्रासाला हातभार लावणारी मॅलासेझिया ही त्वचेवरची बुरशी तशीच राहते. लोशन थांबलं की बऱ्याचदा खाज परत येते, आणि महिनोन्‌महिने लावत राहिलं तर त्वचा पातळ होऊ शकते.

२ टक्के केटोकोनॅझोल शाम्पू त्या बुरशीवरच काम करतो. आठवड्यातून दोनदा, २ ते ४ आठवडे. फेस ३ ते ५ मिनिटं टाळूवर राहू द्या, घाईने धुऊ नका. पुढे एक-दोन आठवड्यांतून एकदा पुरतो.

माझा कल शाम्पूकडेच. खाज असह्य झाली तर लोशन, तेही डॉक्टर सांगतील तितकेच दिवस.