ट्रेलरच्या सेफ्टी चेन: उन्हाळा-हिवाळा वापरून झाल्यावर

गेल्या मार्चमध्ये ट्रेलरच्या जुन्या सेफ्टी चेन (गाडी-ट्रेलरची मुख्य जोडणी सुटलीच तर ट्रेलर धरून ठेवणाऱ्या साखळ्या) काढून नव्या बसवल्या. ५/१६ इंच जाडीच्या, ग्रेड ७० च्या (ग्रेड म्हणजे पोलादाच्या ताकदीचा दर्जा, आकडा मोठा तेवढी ताकद जास्त), टोकाला लॅचवाले, म्हणजे तोंड मिटणारी पट्टी असलेले हूक. जोडी पन्नास डॉलरच्या आत आली. मधे कडक उन्हाळा गेला, गणपती झाले, हिवाळ्यातला पाऊस झाला, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. मत आधीच सांगून टाकतो. दुकानात सगळे चेनच्या जाडीवर बोलतात, पण वापरात खरा फरक पडतो तो लांबीने आणि हुकाने.

माझी गाडी फोर्डचा एफ-१५० पिकअप. ट्रेलर सेकंडहँड घेतलेला, दोन अ‍ॅक्सलचा, मागे जाळीचा फाळका. आम्ही कॅलिफोर्नियात सॅक्रमेंटोच्या पूर्वेला, डोंगर सुरू होतात त्या पट्ट्यात राहतो. ट्रेलरवर बागेची माती येते, सरपण येतं, कुणी घर बदलत असेल तर त्याचं सामान जातं आणि गणपतीत मंडळाचं मखर, स्टेजचं प्लायवुड, सतरंज्या असं सगळं एका खेपेत जातं. म्हणजे ट्रेलर कधी रिकामा, कधी खच्चून भरलेला. चेनच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. त्यावर पुढे येतोच.

आधी हिशोब. ट्रेलरच्या प्लेटवर भरल्या वजनाची मर्यादा ७,००० पौंड लिहिली आहे. नियम सोपा आहे: चेन तुटायला लागणारा जोर या आकड्यापेक्षा कमी नको, आणि तोही प्रत्येक चेनचा स्वतंत्रपणे, दोन्हींची बेरीज करून नव्हे. जुन्या चेन पाव इंची ग्रेड ३० च्या होत्या. त्यांची कामाची मर्यादा (वापरात जास्तीत जास्त एवढाच भार द्यायचा) १,३०० पौंड आणि तुटण्याची त्याच्या चौपट, म्हणजे ५,२०० च्या आसपास. ७,००० च्या ट्रेलरला हे चालणार नाही. तरीही आधीच्या मालकाने अनेक वर्षं तसाच चालवला, कारण कपलर (ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाची वाटी) गाडीमागच्या बॉलवरून निसटला नाही तोवर चेनला कामच पडत नाही. नव्या चेनची कामाची मर्यादा ४,७०० पौंड आहे आणि तुटायला १८,८०० लागतात. खरं तर पाव इंची ग्रेड ७० घेतली असती तरी पुरली असती (३,१५० आणि १२,६००). पण त्या मापात मला पटेल असा लॅचवाला हूक मिळेना. चेन कितीही दणकट असो, हूक हलका असेल तर सगळी जोडणी हलकीच.

ग्रेड ओळखायला पाकिटावर विसंबू नका. कड्यांवर आकडा कोरलेला असतो. ग्रेड ७० च्या कडीवर ७ किंवा ७०, ग्रेड ४३ च्या कडीवर ४ किंवा ४३. दर थोड्या कड्यांनंतर हा आकडा दिसायला हवा. ज्या चेनवर काहीच कोरलेलं नाही, ती ट्रेलरला लावायची नाही.

नव्या चेन ट्रेलरच्या दांड्याला बोल्टने बसवल्या. ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये "वेल्ड मारून देतो, कायमचं काम होईल" असं सांगत होते. मी नको म्हटलं. ग्रेड ७० ची ताकद उष्णता देऊन, म्हणजे हीट ट्रीटमेंटने आलेली असते. वेल्डिंगच्या आचेने नेमकी तीच ताकद त्या कडीतून जाते, आणि सगळा जोर तर पहिला त्याच कडीवर येणार. बोल्ट, मोठा वॉशर, लॉकनट, झालं काम. महिन्या-दोन महिन्यांनी पाना लावून बघतो, अजून ढिला झालेला नाही.

आता लांबी. माझा सगळ्यात जास्त वेळ हिच्यातच गेला आणि घेणाऱ्यानेही तिथेच वेळ द्यावा असं मला मनापासून वाटतं. चेन दांड्याखाली एकमेकींना ओलांडून लावायच्या, डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे. कपलर बॉलवरून सुटलाच तर दांडा या झोळीत पडतो. झोळी नसेल तर तो सरळ रस्त्यात रुतेल आणि ट्रेलर उलटेल किंवा बाजूच्या लेनमध्ये जाईल. कॅलिफोर्नियाचा वाहन कायदाही हेच सांगतो: दांडा जमिनीवर पडू नये अशी जोडणी हवी आणि वळायला लागेल तेवढाच ढील ठेवायचा.

वाचायला सोपं आहे, पण मापायचं कधी? रिकाम्या ट्रेलरला चेन लावून बघितली तर हिचच्या (गाडीमागच्या जोडणीच्या) खाली छान कमान दिसते, जमिनीपासून भरपूर वर. माती भरली की गाडीची मागची बाजू दबते. दांड्यावर ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार येतो, म्हणजे ६,००० पौंड भरले तर ६०० ते ९०० पौंड गाडीच्या मागच्या टोकावर. तेवढ्याने हिच खाली जातो आणि त्याबरोबर कमानही. आमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी गटारासाठी खोलगट भाग आहे. माती आणली त्या दिवशी सगळ्यात खालची कडी तिथे टेकली आणि काँक्रीटवर पांढरा ओरखडा उमटला. कडी पाहिली तर खालच्या कडेचा पिवळा मुलामा गेला होता आणि आतलं पोलाद चकचकत होतं. अशी चकाकी म्हणजे चेन घासतेय याची पावती. दर खेपेनंतर खालची कडी बघायची सवय मला तेव्हापासून लागली.

ढील कमी करायला बरेच जण चेनला पीळ देतात. दिसायला नीटनेटकं दिसतं, पण पीळ दिलेली चेन पूर्ण ताकदीने काम करत नाही. कड्या एकमेकींत सरळ बसण्याऐवजी कडांवर टेकतात. मी बोल्टपाशीच दोन कड्या पुढे सरकवून बोल्ट घातला आणि उरलेली शेपटी कापली. मग ट्रेलर भरून रिकाम्या पार्किंगमध्ये नेला आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून, रिव्हर्समध्येही, चेन ताणली जाते का ते बघितलं. वळताना बाहेरच्या बाजूची चेन जवळजवळ सरळ होते, पण ताठ होत नाही. ते माप कायम केलं.

घासणारी चेन हा आमच्या भागात जिवावरचा विषय आहे. पोलाद रस्त्यावर घासलं की ठिणग्या उडतात, आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत रस्त्याकडेचं गवत वाळून कोळ झालेलं असतं. "वन लेस स्पार्क" मोहिमेत राज्याचं अग्निशमन खातं दर उन्हाळ्यात लोंबत्या चेनबद्दल बजावतं. २०१८ च्या जुलैत रेडिंगजवळ "कार फायर" (Carr Fire) नावाचा मोठा वणवा लागला तो एका ट्रेलरमुळे. त्यात चेनचा संबंध नव्हता. टायर फुटला, रिम रस्त्यावर घासली आणि त्या ठिणग्यांनी गवत पेटलं. दोन लाख एकरांहून जास्त जळालं, माणसं गेली. ज्यांनी तो धूर आठवडेच्या आठवडे खाल्लाय, त्यांना दोन कड्या कापायचा कंटाळा येऊ नये.

हूक. जुने एस हूक उघडे होते, लॅच नाही. खाचखळग्यांच्या रस्त्यावर ढिली चेन उसळते आणि उघडा हूक लूपमधून, म्हणजे हिचवरच्या कड्यातून निघू शकतो. नव्या हुकांना स्प्रिंगची लॅच आहे, एका हाताने दाबता येते, हातमोजे असले तरी. मात्र घेण्याआधी आपल्या हिचचा लूप मोजा. ३/८ च्या चेनचे मोठे हूक माझ्या रिसीव्हरच्या (हिचचा गाडीला पक्का बसवलेला भाग) लूपमध्ये जातात, पण लॅच मिटत नाही, आणि न मिटणारी लॅच असून नसल्यासारखीच. ५/१६ चे हूक नीट बसतात. हूक खालून घालावा की वरून, यावर लोक तावातावाने भांडतात. माझ्या हिचवर खालून घातला तर लॅच कुठे अडत नाही, म्हणून मी खालून घालतो. हूक रिसीव्हरच्या लूपलाच अडकवायचा. बॉल माउंटला (रिसीव्हरमध्ये पिनने अडकवलेली, बॉल धरणारी दांडी) किंवा त्याच्या पिनला अजिबात नाही, कारण पिन निघून माउंट बाहेर आला तर चेनही त्याच्याबरोबर जाईल.

हेच ब्रेकअवे केबलचं. ट्रेलर सुटला तर ही बारीक केबल स्विच ओढते आणि ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक आपोआप लागतात. बरेच जण ती चेनच्या हुकात किंवा लूपमध्ये गुंतवतात. पण अख्खा रिसीव्हरच गाडीपासून निघाला तर लूप, चेन, केबल सगळं एकत्र जाईल आणि स्विच ओढलाच जाणार नाही. माझी केबल गाडीच्या फ्रेमला वेगळी बांधलेली आहे.

मी सांगलीकडचा. लहानपणी कारखान्याच्या सीझनमध्ये एका ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढताना रोज पाहायचो. दोन्ही फक्त पिनवर, साखळी क्वचितच कुठे. चढावर त्या ट्रॉल्यांमागे सायकल चालवताना पोटात गोळा यायचा. इथे ट्रेलर जोडताना माझ्या मागच्या गाडीतल्या माणसाच्या पोटात तसा गोळा येऊ नये, एवढं तरी बघता येतं.

तक्रारी दोन. हिवाळ्यात ट्रेलर बाहेर उभा असतो, त्यामुळे एका हुकाची लॅच गंजून जड झाली. स्प्रे मारला, चार वेळा हलवली की सुटते, पण पावसाळी आठवडा गेला की परत तेच. दुसरी, पिवळा मुलामा जिथे कडी लूपला घासते तिथे उन्हाळ्यातच गेला आणि तिथे तांबूस गंज धरतो. ताकदीला अजून काही झालेलं नाही, कडी झिजलेली दिसत नाही. पण समुद्रकिनारी राहणाऱ्याने किंवा ट्रेलर बोटीसाठी पाण्यात घालणाऱ्याने गॅल्व्हनाइज्ड ग्रेड ४३ घ्यावी. तीच ५/१६ मध्ये ११,७०० पौंडांना तुटते, म्हणजे ७,००० च्या ट्रेलरला पुरून उरते.

चेनऐवजी स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या वायररोप केबलही मिळतात. त्या लोंबत नाहीत, हा मोठा फायदा आहे. पण प्लॅस्टिकच्या आवरणाखाली तारा गंजल्या की बाहेरून कळत नाही. चेनचं सगळं उघड्यावर असतं, खाली वाकलं की दिसतं, म्हणून मी चेनवरच राहिलो. लहान, २,००० पौंडांच्या आतला ट्रेलर असेल तर मात्र माझ्यासारखी ५/१६ ची जोडी घेऊ नका, उगाच जड पडेल. पाव इंची ग्रेड ४३, लॅचवाले हूक, आणि माप ट्रेलर भरून घ्या.