एंजल, व्हिक्टोरिया की इग्वाझू : एकाच धबधब्याची निवड करताना

जगातला सर्वांत मोठा धबधबा पाहण्यासाठी आयुष्यात एकदाच लांबचा प्रवास करायचा असे ज्यांनी ठरवले आहे, त्यांच्यासमोर प्रामुख्याने तीन नावे येतात. उंचीचा विक्रम व्हेनेझुएलातील एंजलचा आहे, कोसळणाऱ्या पाण्याचा सर्वांत मोठा सलग पडदा झांबिया आणि झिम्बाब्वे यांच्या सीमेवरील व्हिक्टोरियाचा मानला जातो, तर अर्जेंटिना आणि ब्राझील यांच्या सीमेवरील इग्वाझू हा जगातील सर्वांत मोठ्या प्रपातसमूहांपैकी एक आहे. माझ्या मते ही निवड विक्रमाच्या आकड्यावरून करू नये. आपण जाणार त्या महिन्यात तिथे पाणी किती असेल आणि ते किती जवळून दिसेल, हे आधी पाहावे.

एंजलची एकूण उंची ९७९ मीटर असून त्यातील ८०७ मीटरचा टप्पा अखंड आहे. औयान तेपुई या सपाट माथ्याच्या, उभ्या कड्यांच्या पठारावर पडणारा पाऊस हाच त्याचा आधार असल्यामुळे कोरड्या दिवसांत त्याची धार अगदी बारीक होते आणि पाणी तळाशी पोहोचण्याआधीच तुषार होऊन विरते. धबधबा ज्या कनैमा राष्ट्रीय उद्यानात आहे, त्याच्या या भागापर्यंत रस्ता नाही. विमानाने तिथवर जायचे, पुढे काही तास होडीने नदीतून वर सरकायचे आणि शेवटी जंगलातून चढायचे. साधारण जानेवारी ते मे या काळात नदी उथळ होऊन होड्या अडतात, आणि पावसाळ्यात होड्या चालतात तेव्हा ढग अनेकदा कडा झाकून टाकतात. इतका प्रवास करूनही दर्शनाची खात्री नसते. त्या कड्याची भव्यता दुसरीकडे कुठेही नाही हे खरे, परंतु अनिश्चितता मनापासून स्वीकारणाऱ्यानेच तिकडे वळावे.

व्हिक्टोरियाची गोष्ट वेगळी आहे आणि तिघांत भूरचनेच्या दृष्टीने मला तोच सर्वांत विलक्षण वाटतो. सुमारे १,७०८ मीटर रुंदीची झाम्बेझी नदी बसाल्ट खडकातील एका अरुंद भेगेत १०८ मीटर खाली कोसळते. भेगेची समोरची कड जवळजवळ तितक्याच उंचीची असल्यामुळे पाहणारा माणूस धबधब्याच्या थेट समोर, त्याच्या माथ्याच्या पातळीवर उभा राहू शकतो. खडकातील कमकुवत भेगा नदीने एकामागून एक कोरल्या आणि धबधबा हळूहळू मागे सरकत गेला. खालच्या बाजूच्या नागमोडी घळी म्हणजे त्याच्या जुन्या जागा होत. मात्र नदीचा पूर वरच्या प्रदेशातील पावसानंतर उशिरा येतो. एप्रिलच्या सुमारास पाणी सर्वाधिक असते, पण तुषारांचे लोट इतके दाट उठतात की समोरचा प्रवाहच दिसेनासा होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये याच्या उलट झांबियाच्या बाजूचा बराचसा कडा कोरडा पडतो, आणि मुख्य धारा पाहण्यासाठी झिम्बाब्वेची बाजू निवडावी लागते. पाणी आणि दृश्य यांचा मेळ हवा असेल, तर जून-जुलै हे महिने उत्तम.

इग्वाझूची उंची जेमतेम ६० ते ८२ मीटर, म्हणजे एंजलपुढे ती नगण्यच. परंतु सुमारे २.७ किलोमीटर लांबीच्या कडेवरून २७५ च्या आसपास धारा पडतात, पाणी वर्षभर टिकते, आणि ‘सैतानाचा घसा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नालाकृती दरीच्या काठापर्यंत अर्जेंटिनाच्या बाजूने पायवाटेने जाता येते. बहुतेक धारा अर्जेंटिनात आहेत, तर त्यांचे एकत्रित विहंगम दृश्य ब्राझीलमधून मिळते. म्हणून दोन्ही बाजूंसाठी एकेक दिवस राखून ठेवावा. मोठ्या पुरात पायवाटा बंद ठेवाव्या लागतात, एवढाच काय तो धोका.

ज्यांच्या सुट्टीच्या तारखा ठरलेल्या आहेत, किंवा सोबत वयस्कर माणसे वा मुले आहेत, त्यांनी निःशंकपणे इग्वाझूला जावे. ज्यांना जून-जुलै मोकळा आहे आणि नदीने खडक कसा कापला हे समोर उभे राहून पाहायचे आहे, त्यांनी व्हिक्टोरियाला जावे. एंजलसाठी पावसाळ्यातले दिवस आणि कनैमात ढग निवळण्याची वाट पाहता येईल इतकी मोकळीक, दोन्ही हाताशी असली पाहिजेत.