बोअरमधील तापमानांचा जागतिक संग्रह: काही महिने वापरल्यानंतर

मिशिगन विद्यापीठातील हेन्री पोलॅक आणि शाओपेंग ह्वांग यांनी उभा केलेला बोअरमधील तापमानांचा जागतिक संग्रह इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे. तो काही महिने वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, त्यातील पूर्वीच्या तापमानबदलाविषयीच्या तयार निष्कर्षांपेक्षा खोली आणि तापमान या दोन साध्या रकान्यांचे मोल कितीतरी अधिक आहे.

एखाद्या फाइलचा आलेख काढून पाहिला की हे पटते. पृथ्वीच्या पोटातील उष्णतेमुळे तापमान खोलीबरोबर एकसारखे, दर किलोमीटरला साधारण 20 ते 30 अंशांनी, वाढत जायला हवे. परंतु पुष्कळ ठिकाणी वरच्या शंभर-दीडशे मीटरांत ही सरळ रेषा उष्ण बाजूला कललेली दिसते, आणि काही ठिकाणी तर खाली जाताना तापमान आधी उतरते व मग चढू लागते. जमिनीचा पृष्ठभाग अलीकडच्या काळात तापल्याची ती खूण होय. खडकात उष्णता फार संथपणे मुरते. ऋतूंचा फरक 15-20 मीटरांतच विरतो (विहिरीचे पाणी वैशाखात गार आणि पौषात कोमट लागते ते यामुळेच), तर शतकापूर्वीचा बदल सुमारे 150 मीटरांपर्यंत पोहोचलेला असतो.

तयार निष्कर्ष मात्र जपून वापरावेत. प्रत्येक बोअरसाठी पाच शतकांचे पाच उतार, म्हणजे त्या त्या शतकातील तापमानबदलाचे दर, दिलेले आहेत. याच पद्धतीने 616 बोअरांवरून 2000 साली निघालेला निष्कर्ष, म्हणजे पाच शतकांत जमीन सुमारे 1 अंशाने तापली आणि त्यातील जवळपास निम्मी वाढ विसाव्या शतकातली, हा सरासरीचा आहे. एकट्या बोअरचा आकडा तितक्या भरवशाने घेता येत नाही, कारण भूजलाचा प्रवाह किंवा परिसरातील जंगलतोडही रेषेला असाच बाक देऊ शकते. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था (एनजीआरआय) आणि अमेरिकेतील युटा विद्यापीठ येथील संशोधकांनी 2002 मध्ये भारतातील 70 बोअरांवरून सुमारे दीडशे वर्षांत 0.9 अंशाची वाढ दाखवली, तिचे बळही संख्येतच आहे. 1876 ते 1878 च्या दुष्काळासारखी दोन-तीन वर्षांची घटना शोधायला तर कोणी येथे येऊच नये. खडकात ती केव्हाच विरून गेलेली असते.

नव्या वापरकर्त्याने प्रथम मोजणीची तारीख पाहावी. कित्येक नोंदी 1970 आणि 1980 च्या दशकांतल्या आहेत, आणि त्या फाइलींमधले ‘विसावे शतक’ मोजणीच्या वर्षीच संपते.