काळा घोड्याचं कनेसेथ एलियाहू सिनेगॉग: गॅलरीतून आणि खालून

1884 मध्ये जेकब ससून यांनी बांधलेलं, 2019 मध्ये पुन्हा निळं-पांढरं झालेलं हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बहुतेकजण रंगीत काचांसाठी पाहतात. खरी ओळख मात्र प्रार्थना चालू असतानाच होते. शुक्रवारी संध्याकाळी जा. ओळखपत्र जवळ हवं; पुरुषांनी डोकं झाकायचं; शब्बाथला (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ हा विश्रांतीचा पवित्र दिवस) फोटो नाहीत.

पुरुष खाली, स्त्रिया वरच्या गॅलरीत. पारंपरिक नियमानुसार मिन्यानसाठी, म्हणजे सामूहिक प्रार्थनेच्या किमान संख्येसाठी, तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. नऊच जमले तर प्रार्थना थांबत नाही, पण कद्दिश आणि केदुशा (देवाच्या स्तुतीच्या सामूहिक प्रार्थना) आणि तोरा या धर्मग्रंथाचं जाहीर वाचन होत नाही. मुंबईतला ज्यू समाज आता इतका लहान झालाय की दहाव्या माणसाचं येणं फार मोलाचं.

स्त्रिया या दहांत मोजल्या जात नाहीत, म्हणून त्यांना नुसत्या प्रेक्षक समजणं साफ चूक. कद्दिशला ‘आमेन’चं उत्तर त्यांच्याकडूनही येतं, आणि पुरीमच्या सणाला एस्तेरची मेगिल्ला (एस्तेर राणीच्या कथेची गुंडाळी) ऐकणं त्यांच्यावरही तितकंच बंधनकारक. बगदादी (इराककडून आलेल्या ज्यूंच्या) पद्धतीत तोऱ्याची गुंडाळी कडक पेटीत उभा ठेवून वाचतात. वाचनाआधी ती उंच धरून दाखवतात. तो क्षण वरून पाहण्यासारखा!

एकच अडचण: वर जायला जिना चढावा लागतो, गुडघेदुखी असलेल्या आजींना तो जड जातो. बेने इस्राएल (कोकणातल्या मराठीभाषक ज्यूंच्या) घरांतला मलिदा हा आभाराचा विधी याच्या उलट: पोहे, गूळ, खोबरं, फळांच्या ताटाभोवती स्त्री-पुरुष सगळे एकत्र बसतात.